शेजाऱ्यांचा घरगुती धंदा आणि आमच्या खिडकीतला भुसा

पडदे_बंद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पण आता नाकातोंडाशी आलंय (शब्दशः), म्हणून हा धागा.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक जोडपं राहतं. माणसं चांगली आहेत, आधीच सांगते. वर्षभरापूर्वी दादांची नोकरी गेली आणि त्यांनी जुन्या खुर्च्या, टेबलं, कपाटं आणून, घासून, पॉलिश करून विकायला सुरुवात केली. आधी महिन्यातून एखादं स्टूल असायचं. आता पॅसेजमध्ये तीन पायांच्या खुर्च्यांची रांग आहे, जिन्यात बिनदाराचं कपाट उभं आहे आणि गॅलरीत घासायचं मशीन. भुसा आमच्या खिडकीच्या जाळीत बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, काल तर माझ्या की-बोर्डमधून निघाला. दुपारनंतर थिनरच्या वासाने डोकं उठतं. मशीन सकाळी नऊला सुरू होतं, बंद कधी होईल ते देव जाणे. रात्री साडेअकरालासुद्धा घुंईऽऽ असा आवाज चालू असतो.

प्रश्न एवढाच की बोलायचं कसं? दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बेल वाजवली, तर दादांनी मोठ्या हौसेने नुकतंच झालेलं टेबल दाखवलं. "बघा, आतून काय लाकूड निघालंय!" मी "सुरेख" म्हणून घरी आले. नवरा म्हणतो, कौतुक केलंस ना, आता तक्रारीचा हक्क गेला.

मुकादम

यात बोलायचं काय? लेखी तक्रार द्यायची. राहती जागा राहण्यासाठी असते. पॅसेज आणि जिना सगळ्यांचा, त्यात एक खिळासुद्धा ठेवायचा नाही. आज कपाट आहे, उद्या त्याला दार येईल, परवा आतून कोणीतरी भाडं देईल.

दुपारची_झोप

शेवटच्या वाक्याला +१

जाईजुई

पडदे_बंद, तुमची अवस्था समजू शकते. आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई प्लास्टरच्या शोभेच्या वस्तू करायच्या. साचे, भांडी, हात, सगळं मोरीत धुवायचं. एके दिवशी आमच्या न्हाणीघरातलं पाणी जाईना. प्लंबरने पाइप कापला, तर आत पांढरा दगड. त्यांचं म्हणणं, "मी तर भरपूर पाणी ओतत होते!" प्लास्टर वाळून घट्ट होत नाही हो, पाण्याशी संयोग होऊनच घट्ट होतं. पाण्याखालीसुद्धा होतं. म्हणजे त्या जितक्या प्रामाणिकपणे पाणी ओतत होत्या, तितकं ते आमच्या वळणापर्यंत येऊन निवांत बसत होतं.

भांडण झालं का? झालं. पण प्लंबरने तो तुकडा त्यांच्या हातात ठेवल्यावर मिटलं. नंतर त्या बादलीत धुवायला लागल्या. गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, खालचा गोळा कचऱ्यात. हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

सुतारपक्षी

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. म्हणजे भुसा करणारा. घरूनच काम करतो, अकरा वर्षं झाली. दगड मारण्याआधी ऐका.

गाळा भाड्याने घ्यायचा तर निम्मी कमाई त्यातच जाते. हौस म्हणून कोणी घरात लाकूड घासत नाही, आमच्याही अंथरुणात भुसा असतो. नोकरी गेलेल्या माणसाने हातातल्या कलेवर घर उभं केलंय, त्याच्या दारात पहिलंच पाऊल लेखी तक्रारीचं पडलं तर तो फक्त वकील शोधेल. मुकादम, तुम्हाला उद्देशून आहे.

ताई, तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकली. रात्री साडेअकराला घुंई? घासायच्या मशीनचा आवाज तसा नसतो. खरखर असते, आणि लाकडावर दाब दिला की ती बदलते. आणि रात्री कोण घासतं? आडव्या पडणाऱ्या उजेडाशिवाय ओरखडे दिसत नाहीत. रात्री घासलेलं सकाळी पुन्हा घासावं लागतं. बघा एकदा नीट कान देऊन.

मुकादम

वकील शोधायचा तर शोधू द्या. नोकरी गेल्याचं दुःख मलाही आहे, पण त्याची भरपाई शेजाऱ्याच्या फुप्फुसाने का करायची?

निवांत_निरंजन

इथे फुप्फुसांचा विषय निघालाय तर. लाकडाची धूळ ही कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५च्या अहवालात तसं वर्गीकरण केलंय. मुख्यतः नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांचा कर्करोग.

जाईजुई

निरंजन, घाबरवू नका हो बाईंना. ते निष्कर्ष वर्षानुवर्षं लाकडाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांवरून काढलेत ना?

निवांत_निरंजन

बरोबर, स्पष्ट करायला हवं होतं. खिडकीतून आलेल्या भुशाने कोणी लगेच आजारी पडत नाही. खरा धोका दादांनाच आहे. डोळ्यांना दिसणारा भुसा जड असतो, तो खाली बसतो, झाडला की गेला. जी धूळ दिसत नाही ती बराच वेळ हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर खोल जाते. ते मास्क लावतात का? लावत नसतील तर ताई, तुम्हाला बोलायला विषय मिळाला. "मला त्रास होतो" यापेक्षा "दादा, तुम्ही मास्क का लावत नाही?" हे दारात उभं राहून म्हणायला सोपं आहे.

दुपारची_झोप

हे म्हणजे "तुमच्या भल्यासाठी सांगतोय" प्रकरण झालं. माझ्या भल्यासाठी आजवर जेवढं सांगितलं गेलंय त्यातलं एकही मी ऐकलेलं नाही.

सुतारपक्षी

निरंजन यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि उपायही आहे. बहुतेक मशीनना मागे धुळीची नळी जोडायचं तोंड असतं. तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावला की बराचसा भुसा उडण्याआधीच ओढला जातो. फक्त बारीक धूळ अडवणारा फिल्टर हवा, साधा असला तर पुढून ओढतो आणि मागून फुंकतो. मी पहिली चार वर्षं नळी लावली नव्हती. शेजारच्या आजोबांनी एक दिवस काही न बोलता त्यांचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. काचेवर बोट फिरवलं तर रेघ उठली. त्याच आठवड्यात नळी आणली.

पडदे_बंद

सगळ्यांचे आभार. सुतारपक्षी, तुमच्या आजोबांची युक्ती आवडली, पण मला चष्मा नाही. की-बोर्ड नेऊन दाखवू का?

मास्क ते कधी कधी लावतात, बहुतेक वेळा हनुवटीला. आणि रात्रीचा आवाज त्यांचाच आहे, दुसरा कोणाचा असणार?

खटपट्या

आवाजाबद्दल थोडं. माझं कामच त्यातलं आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. उलट, एकासारखी दोन मशीन एकदम चालवली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून शेजाऱ्याने दुसरं मशीन आणलं की लोक "आवाज दुप्पट झाला" म्हणतात, तसं होत नाही. त्रास वाढतो तो मशीन जास्त वेळ चालतं म्हणून. बोलताना "आवाज कमी करा" म्हणू नका, त्यांच्या हातात ते फारसं नाहीच. वेळ ठरवून घ्या. रात्रीच्या झोपेसाठी खोलीत ३० डेसिबलच्या आत आवाज असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये सुचवलं होतं. दिवसा माणूस बरंच सोसतो.

दुसरं, हवेतून येणारा आवाज वेगळा आणि भिंती-फरशीतून येणारी थरथर वेगळी. थरथरीसाठी कामाच्या टेबलाच्या पायांखाली जाड रबर ठेवलं तरी फरक पडतो. हवेतल्या आवाजासाठी वजनदार पृष्ठभाग लागतो आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे लावायचा सल्ला आता कोणीतरी देईलच, तर सांगून ठेवतो, त्याने आवाज अडत नाही.

फुकटचा_सल्ला

अरेरे, मी तोच द्यायला आलो होतो.

वाटसरू७

अवांतर आहे, पण या विषयावरचा एक जुना खटला फार मजेदार आहे. लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ आपल्या स्वयंपाकघरात मोठाले खलबत्ते चालवत होता. शेजारी एक डॉक्टर राहायला आला. बरीच वर्षं काही तक्रार नव्हती. मग डॉक्टरने बागेच्या टोकाला, बरोब्बर त्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली. आता खलबत्त्याच्या दणक्यांमुळे त्याला रोग्यांच्या छातीचे ठोके ऐकू येईनात. १८७९मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. मिठाईवाल्याचं म्हणणं होतं की मी आधीपासून इथे आहे. कोर्ट म्हणालं, खोली होईपर्यंत उपद्रवच नव्हता, म्हणजे तुझी ती वर्षं मोजायचीच नाहीत.

पुढे १९६०मध्ये रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने हाच खटला घेऊन मुद्दा मांडला की त्रास एकतर्फी नसतो. डॉक्टरला वाचवलं की मिठाईवाल्याचं नुकसान होतं. बोलणी करायला काहीच खर्च येत नसेल, तर हक्क कोणालाही द्या, दोघं सौदा करून दोघांना मिळून सर्वांत परवडेल तिथेच पोचतील. १९९१चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मुकादम

म्हणजे पडदे_बंद यांनी भुसा थांबवायला पैसे द्यायचे? वा! माझ्या पायावर कोणी पाय दिला तर मी त्याला पाय उचलायची मजुरी देऊ?

वाटसरू७

मुकादम, तो "खर्च येत नसेल तर" हा तुकडा महत्त्वाचा आहे. कोस यांचा सगळा भर त्यावरच होता, की प्रत्यक्षात खर्च येतोच. ताई दोनदा दारातून परत आल्या आणि तिसऱ्यांदा टेबलाचं कौतुक करून आल्या, तो हाच खर्च.

दुपारची_झोप

नोबेलविजेत्या सिद्धांताचं "सुरेख" या एका शब्दात वाटोळं करणाऱ्या पडदेताईंचा विजय असो.

पुठ्ठेवाली

आमच्याकडे धूळ नाही की आवाज नाही. समोरचे ऑनलाइन काहीतरी विकतात आणि आमच्या दोन दारांमधली जागा खोक्यांनी भरलेली असते. शिवाय माल न्यायला येणारा प्रत्येक जण बेल आमचीच वाजवतो. मी चिडायचे. मग एकदा रात्री वीज गेली आणि सासूबाई खोक्याला अडखळून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मी दुसऱ्या दिवशी समोर गेले, आवाज न चढवता सांगितलं, "रात्री त्या पडल्या. तुमचा छोटासुद्धा पडू शकतो." तासाभरात जागा रिकामी झाली. आता खोकी त्यांच्या बैठकीच्या खोलीत छतापर्यंत असतात, ते स्वतः सोफ्याच्या हातावर बसतात.

बेल अजून आमचीच वाजते. मी दारावर बाण काढलाय. बाणाच्या टोकाशी असलेली बेल सोडून लोक बाणाच्या शेपटीशी असलेली वाजवतात.

फुकटचा_सल्ला

बाण उलटा करून बघा.

पुठ्ठेवाली

केलाय. आता दोन्ही वाजवतात.

अग्निहोत्री_नाही

सगळे आवाज आणि भुशात अडकलेत. मी वेगळं विचारतो, कारण माझी नोकरी आग विझवणाऱ्या यंत्रणांशी संबंधित आहे. पडदे_बंद, ते पॉलिशला काय वापरतात? आणि वापरलेली फडकी कुठे टाकतात?

पडदे_बंद

तेलाचा डबा बघितलाय, जवसाचं तेल असं त्या वहिनी म्हणाल्या होत्या. बाकी थिनर वगैरे असतं. फडक्यांचे बोळे गॅलरीच्या कोपऱ्यात एका खोक्यात असतात. का हो?

अग्निहोत्री_नाही

यासाठी. जवसाचं तेल नुसतं वाळत नाही, त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. चुरगळून बोळा केला आणि बोळ्यांचा ढीग खोक्यात कोंबला, की आतली उष्णता बाहेर जात नाही, तापमान वाढत जातं आणि ते आपोआप पेटू शकतं. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. बोळा टाकल्यावर काही तासांनी, सगळे झोपलेले असताना.

२३ फेब्रुवारी १९९१ला फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२व्या मजल्यावर अशाच तेलकट फडक्यांमधून आग लागली. तिथे भिंतींवरच्या लाकडी फळ्यांचं पॉलिशकाम चाललं होतं. आग मजल्यामागून मजला चढत गेली, तीन अग्निशामक जवान गेले. ३०व्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तिथे आग अडली.

त्यांना आजच सांगा. फडकी सुटी पसरून मोकळ्या हवेत कडक होईपर्यंत वाळवायची, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. भुशाजवळ तर अजिबात नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकते, म्हणून खाली कुठे ठिणगी वा ज्योत नको. आणि गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन वायरवर मशीन चालवत असतील तर वायर पूर्ण उलगडायला सांगा, वेटोळ्यात तीही तापते.

सुतारपक्षी

अग्निहोत्री यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही, रंधा धरायच्याही आधी. पण स्वतःहून शिकलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ताई, आता दारातून परत येऊ नका.

मुकादम

आता तरी लेखी द्या!

जाईजुई

मुकादम, खोकं आज रात्री पेटलं तर कागदही त्यातच जळेल. आधी जाऊन सांगू देत.

पडदे_बंद

जाऊन आले. हात थरथरत होते, त्यामुळे प्रस्तावना सुचलीच नाही. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "दादा, ते बोळे पेटतात." त्यांना वाटलं पेटलेतच. धावत गॅलरीत गेले. खोक्यात हात घातला आणि तसेच थांबले. मधला बोळा कोमट होता. सावलीतल्या कोपऱ्यात, कोमट.

मग तिघांनी मिळून सगळे बोळे बादलीत बुडवले. त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललो. वहिनींनाच वासाचा सगळ्यात जास्त त्रास होतो, त्या रोज रात्री डोकेदुखीची गोळी घेतात, मला माहीतच नव्हतं. दादा म्हणाले, "तुम्ही रोज खिडकी आपटून बंद करायचात, मला वाटायचं वाऱ्याने." की-बोर्ड दाखवायची वेळ आली नाही.

ठरलेलं असं: घासकाम दहा ते एक, खिडकीकडे पाठ करून, नळी लावून. थिनरचं काम आठवड्यातून दोनच दिवस, आदल्या दिवशी मला निरोप. जिन्यातलं कपाट रविवारपर्यंत हलणार. पॅसेजमधल्या खुर्च्यांबद्दल ते "बघतो" म्हणाले.

दुपारची_झोप

"बघतो" म्हणजे खुर्च्या तुमच्या नातवंडांना मिळणार.

मुकादम

ठरलेलं तारखेसकट लिहून घेतलंत ना? नुसता मेसेज केला तरी चालेल. मी दुष्ट म्हणून म्हणत नाहीये, दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही काय ठरलं होतं. त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही.

सुतारपक्षी

या एका बाबतीत मुकादमांना माझं पूर्ण अनुमोदन. तारीख लिहून ठेवा.

(मुकादम, स्क्रीनशॉट काढू नका.)

पडदे_बंद

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. कपाट गेलं. खुर्च्या सातच्या चार झाल्या. भुसा बराच कमी आहे, एक-दोनदा दीडपर्यंत मशीन चाललं, पण आधी सांगून. वास मात्र तेवढाच आहे. आता पाण्यावर आधारित पॉलिश वापरून बघणार आहेत, गिऱ्हाइकांना चमक आवडते का त्यावर सगळं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. मुकादमांचं ऐकून वहीत नोंदी ठेवल्या, कधी आवाज, किती वेळ. मागच्या आठवड्यात दादा-वहिनी पाच दिवस गावाला गेले होते. पाचही रात्री साडेअकराला घुंईऽऽ चालूच. सुतारपक्षी, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, माफी असावी. वर्षभर ज्या आवाजासाठी दादांना मनात शिव्या दिल्या तो छतातून येत होता. वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. थ्रीडी प्रिंटरवर खेळण्यांचे सुटे भाग करून विकतो. ऑर्डर रात्री लावतो आणि झोपतो.

खटपट्या

फरशीतली थरथर! प्रिंटर जाड फोमवर आणि मध्ये जड फरशीचा तुकडा, असं ठेवायला सांगा. बराच फरक पडेल.

फुकटचा_सल्ला

आणि छताला अंड्यांचे पुठ्ठे...

दुपारची_झोप

वरच्यांसाठी नवा धागा काढा ताई, इथे जागा कमी पडेल. आणि जाल तेव्हा खेळण्यांचं कौतुक करू नका.

पडदे_बंद

काल गेले होते. एक हत्ती घेऊन आलेय.